नवरा नगरसेवक झाला. नोकरी सोडून लोकांच्या कामाला लागू का?

अनेरकाठ

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. शाळा सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपडा तालुक्यातल्या एका पाड्यावर. पहिली ते चौथी, मुलं बहुतेक पावरा आदिवासी. पहिलीतल्या मुलांना मराठी येत नाही, म्हणून मी त्यांच्या बोलीतले शब्द शिकले आणि आता कुठे वर्ग माझ्याशी बोलायला लागलाय.

मिस्टरांचं बियाणं-खतांचं दुकान आहे. यंदा ते पहिल्यांदाच नगरसेवक झाले. प्रचारात मी कुठेच नव्हते, नोकरीमुळे असता येत नाही. निकाल लागला आणि घर बदललं. सकाळी सहापासून माणसं येतात. मी डबा भरत असते तेव्हा दारात बाया उभ्या असतात, "वहिनी, भाऊंना सांगा ना आमचं." मी हो म्हणते, बस पकडते आणि दिवसभर मनात राहतं की कुणी काय सांगितलं होतं, निम्मं विसरले.

सासूबाईंचं म्हणणं, पगाराइतकं दुकानातून निघेल, लोकांना घरात बाई दिसली पाहिजे. कार्यकर्ते म्हणतात, पुढच्या वेळी वॉर्ड महिलांसाठी सुटला तर वहिनींनाच उभं राहावं लागेल, आत्तापासून सुरुवात करा. मिस्टर काही म्हणत नाहीत, पण त्यांनाही आवडेल असं वाटतं.

मला लोकांची कामं करायची मनापासून इच्छा आहे. पण शाळा दोनशिक्षकी आहे. मी निघाले की जागा किती दिवस रिकामी राहील कोण जाणे. आपल्या खान्देशात अशा घरात ज्यांनी दिवस काढलेत त्यांनी कृपया सांगा. नगरसेवकाच्या बायकोचं नेमकं काम काय असतं?

निवृत्त विस्तार अधिकारी, धुळे

मॅडम, आधी नियमाचं सांगतो, कारण यात चूक झाली तर त्रास तुम्हालाही आणि त्यांनाही.

सेवेत असेपर्यंत पक्षाचं व्यासपीठ, प्रचार, पक्षाच्या नावाचं हळदीकुंकू यातलं काही नको. एखाद्या बाईला अर्ज भरून देणं, दवाखान्यात सोबत जाणं याला कुणी हरकत घेत नाही, फक्त शाळेच्या वेळेत नको. भेटवस्तूंचा नियम कर्मचाऱ्याबरोबर त्याच्या कुटुंबालाही लागतो, म्हणजे दिवाळीला कुणी काही घेऊन आलं तर ते तुमच्याही अंगाशी येऊ शकतं. निवडणूक लढवायची तर राजीनामा द्यावाच लागेल. वॉर्ड सुटायच्या आधी तो देण्याचं काही कारण मला दिसत नाही.

दुसरं, उमेदवाराच्या शपथपत्रात पत्नीची मालमत्ताही लिहावी लागते. तुमचं सोनं, बँकेतली शिल्लक, माहेरून आलेली जमीन, सगळं लोकांसमोर जातं. त्यामुळे तुमचे व्यवहार आता तुमच्या एकटीचे राहिले नाहीत. ग्रामपंचायतीच्या बाबतीत तर सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितलंय की कुटुंबातल्या माणसाचं सरकारी जागेवर अतिक्रमण असेल तरी सदस्य अपात्र ठरू शकतो. नोकरीत असताना घरच्या माणसाच्या ओट्यापायी पद गेलेले सदस्य मी पाहिलेत. दुकानापुढची पत्र्याची शेड हद्दीत आहे ना, ते या आठवड्यात बघून घ्या.

बोरीकाठची वहिनी

पोरी, मी अमळनेर-पारोळ्याच्या मधल्या एका गावातली. माझे मिस्टर १९९७ ला जिल्हा परिषदेवर निवडून आले आणि २००२ ला पडले. सगळा गाव त्यांना आप्पा म्हणायचा, मीही इथे तेच लिहिते. आप्पा आता नाहीत. पदाची वर्षं पाहिली, त्यानंतरचीही पाहिली, म्हणून लिहायला बसले.

आमचं घर धाब्याचं. पुढे ओसरी, मग माजघर, मागे अंगण, गोठा आणि त्यापलीकडे मागची गल्ली. आप्पा निवडून आले तशी ओसरीत सतरंजी कायमची अंथरली गेली. सगळी गडीमाणसं. डीपी जळाली, रस्ता वाहून गेला, पाझर तलाव मंजूर करा, पोराला चिकटवा. चहा आतून जायचा आणि मी आतच असायचे. पहिला उन्हाळा सरताना माझ्या ध्यानात आलं की या दारानं बाई येतच नाही. येणार कशी? ओसरीत सासऱ्याच्या वयाची माणसं बसलेली. त्यांच्यासमोर पदर सावरत "नवरा दारू पिऊन मारतो" कोण सांगेल? बाया मागच्या गल्लीनं यायच्या. गोठ्याशी उभ्या राहायच्या. "वहिनी, आप्पा घर शेतस का?" म्हणजे घरी आहेत का, असं म्हणायच्या, पण मी हाक मारायला निघाले की पदर धरून थांबवायच्या. त्यांना आप्पांशी बोलायचंच नसायचं. मी मग गोठ्याच्या कडेला एक बाज टाकली. माझं जे काही काम झालं ते त्या बाजेवरून झालं.

पाण्याचंच बघ. आमच्याकडे तापी इतकी जवळ, पाडळसे धरणाचं काम तेव्हापासून चाललंय आणि उन्हाळ्यात टँकर आमच्याच तालुक्यात. गावात टँकर यायचा भर दुपारी, चौकात. ओसरीतल्या माणसांना ते सोयीचं होतं, कुणी तक्रार केली नाही. बाजेवर बसलेली बाई म्हणाली, दुपारी आम्ही दुसऱ्याच्या वावरात कामाला असतो, घरी राहते ती म्हातारी, तिला हंडा उचलत नाही, पाणी सगळं चौकातल्या घरांत जातं. मी आप्पांना रात्री जेवताना सांगितलं. ते म्हणाले, मला कुणी बोललं नाही. मी म्हटलं, तुम्हाला बोलणारी माणसं पाणी भरत नाहीत. दोन दिवसांनी टँकरची वेळ सकाळची झाली आणि एक खेप वस्तीवर जायला लागली. पैसा लागला नाही, ठराव लागला नाही. फक्त ज्यांचं काम होतं त्यांचं बोलणं पोचलं.

दुसरी एक सांगते. कापूस वेचणारी बाई, तिशी-पस्तिशीची. नवरा विहिरीच्या कामावर गेला तो परत आला नाही. दोन लेकरं. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस गेला तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी मदत मिळते. आता ती वीस हजार आहे, तेव्हा त्याहून कमी होती. शिवाय संजय गांधी निराधारचं महिन्याचं अनुदान. दोन्ही अर्ज तहसीलला. पण तिचं नाव रेशन कार्डावर एक, मतदार यादीत दुसरं आणि नवऱ्याच्या मृत्यूची तर नोंदच नाही. आप्पा म्हणाले, साहेबांना फोन करतो. मी म्हटलं, थांबा, मला जाऊन बघू द्या. तिच्याबरोबर एसटीनं गेले, रांगेत उभी राहिले. तिथल्या एका कारकून बाईंनी नीट समजावून दिलं: नावात फरक असेल तर प्रतिज्ञापत्र लागतं, कुठला दाखला तलाठ्याचा, कुठला ग्रामसेवकाचा, कुठल्याची नक्कल चालते आणि कुठल्याची नाही. मृत्यूची नोंद २१ दिवसांत केली तर सोपं, पुढे विलंब शुल्क, वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशापर्यंत जावं लागतं. हे सगळं मी घरी येऊन वहीत लिहिलं.

फोन का नको म्हणाले ते सांगते. फोननं एकीचं काम पुढे सरकतं आणि रांगेतली तिच्यासारखीच दुसरी मागे पडते. शिवाय फोन केला की काम होतं, पण ते कसं होतं ते आपल्याला कळत नाही. रांगेत उभं राहिल्यावर कागद कळतात, आणि मग आपण गावातल्या सगळ्या बायांना सांगू शकतो. त्या बाईचं अनुदान सुरू झालं. तिनं पुढे आणखी बायांना स्वतः तहसीलला नेलं, माझ्याकडे आलीच नाही. मला यापेक्षा मोठी गोष्ट आजवर मिळाली नाही.

बाळंतपणं तर विचारू नकोस. १०८ ची गाडी आपल्याकडे २०१४ ला आली. त्याआधी रात्री अडलेली बाई म्हणजे कुणाची जीप मिळते का बघा, नाही तर बैलगाडीत घालून हमरस्त्यापर्यंत, तिथून मिळेल त्या ट्रकनं धुळ्याला. गावात जीपवाले दोन होते. त्यांच्या बायकांशी मी मुद्दाम ओळख ठेवली, भाऊबीजेला दोघांना ओवाळायचे. रात्री एक वाजता नवऱ्याला उठवायचं काम बायकोच करू शकते.

आता घरच्या खर्चाचं, कारण ते कुणी सांगत नाही. चहा-साखर, येणाऱ्याला भाकरी, लग्नसराईत एका तिथीला गावोगावची लग्नं, प्रत्येकाला आहेर. कुणाकडे मयत झाली की दारावर जाणं आलंच, आणि तिथे आप्पांबरोबर मलाही जावं लागायचं, कारण विधवा बाईजवळ जाऊन बसणारी बाईच लागते. या सगळ्याला पैसा कुठून? आमच्या दोन म्हशी होत्या, दूध डेअरीला घालायचे. त्या पैशावर घर चाललं आणि म्हणूनच एका ठेकेदाराचा दिवाळीचा डबा मी उंबऱ्यावरून परत देऊ शकले. मिठाईच्या खाली काय होतं ते उघडून पाहिलं नाही. घरात दुधाचा पैसा नसता तर माझी तेवढी छाती झाली असती का, सांगता येत नाही. तुझा पगार तुझ्या घरात तेच काम करणार आहे. दुकानाचा धंदा निवडून आल्यावर कमी होतो, वाढत नाही. उधारी मागायला जीभ उचलत नाही. सासूबाईंना हा हिशेब शांतपणे दाखव.

अंगाची काळजी घे. वेणूताई चव्हाणांचं आम्ही शाळेत असताना ऐकायचो. लग्न जून १९४२ चं, दोन महिन्यांत यशवंतराव भूमिगत आणि लग्नाला वर्ष व्हायच्या आत त्या स्वतः तुरुंगात. त्यानंतर तब्येत जी ढासळली ती १९८३ ला जाईपर्यंत पुरती सावरली नाही. लोक ते मोठेपण म्हणून सांगतात, आणि ते आहेच. पण मला वाटतं, अशा बायांच्या दुखण्याकडे वेळेवर कुणी बघत नाही, कारण घर लोकांनी भरलेलं असतं आणि बाई "मी ठीक आहे" म्हणत चहा ठेवत असते. माझं गर्भाशयाचं दुखणं असंच वाढलं होतं. कित्येक वर्षं आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले नाही, कारण आखाजी ऐन टंचाईत आणि लग्नाच्या दाट तिथीत येते. माझी आई झोका बांधून वाट बघायची. तू जात जा. कानबाई देवीचे रोट असतील ते दोन दिवस घराचे ठेव, फोन बंद. लोक समजून घेतात, आपणच उगाच भितो.

२००२ ला आप्पा पडले. मतमोजणीवरून ते आले ते आत जाऊन झोपले. ओसरीतली सतरंजी मी झटकून गुंडाळली. दुसऱ्या दिवशी पुढच्या दारात कुणी नव्हतं. मागे गोठ्याशी दोघी उभ्या होत्या. एकीला पोराच्या जातीच्या दाखल्याचं विचारायचं होतं. मी पाटी बाजूला ठेवली आणि तिचे कागद बघितले. आप्पांना ते खिडकीतून दिसलं असावं, कारण दुपारी ते बाहेर आले, हातपाय धुतले आणि मला म्हणाले, त्या पोराच्या पणजोबाची नोंद तालुक्याला मिळेल, मी उद्या जाऊन बघतो. पदावर असताना कुणाचा कागद शोधायला ते स्वतः कधी गेले नव्हते. पुढे ते मरेपर्यंत माझ्याबरोबर कागद करत राहिले. माणूस म्हणून आप्पा मला तेव्हा फार आवडले.

म्हणून नोकरी सोडू नको. वर्ग तुझ्याशी बोलायला लागलाय म्हणतेस, मग त्या मुलांच्या आयांशी आता तूच बोलू शकतेस. तुझ्या नवऱ्याचा वॉर्ड गावात आहे, पाड्यावर त्याचं एक मत नाही, तरी ते लोकांचंच काम आहे. घरी येणाऱ्या बायांसाठी रविवारची सकाळ ठेव.

शहादेकर

मी उलट्या बाजूनं लिहितो. माझी पत्नी आमच्या ग्रामपंचायतीची सरपंच आहे. मी शेतकरी, ऊस आणि पपई.

महाराष्ट्रात पंचायतीत बायांना निम्म्या जागा २०११ पासून आहेत, पण गावाच्या तोंडात अजून बसलेलं नाही. लोक मलाच "सरपंच" म्हणून हाक मारतात. मी दर वेळी सांगतो, मॅडम कार्यालयात आहेत, तिकडे जा. सुरुवातीला लोकांना राग यायचा. एकदा ग्रामपंचायतीत मला खुर्ची देऊ लागले, मी बाहेर लिंबाखाली जाऊन बसलो. त्यानंतर आत गेलोच नाही. ठराव, चेक, मोजमाप पुस्तिका यातलं तिला समजेना तेव्हा आम्ही रात्री घरी बसून दोघांनी वाचलं, पण सही करायच्या आधी ग्रामसेवकाला प्रश्न तीच विचारते.

माझं काम काय, तर सकाळचं दूध काढणं, मुलांचे डबे, ग्रामसभेच्या दिवशी आईला दवाखान्यात नेणं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते. आमच्याकडे ती पूर्वी कागदावर व्हायची. आता खरोखर भरते, कारण त्या वेळेला घरचं गुरंढोरं मी बघतो आणि शेजारच्या दोन-तीन घरांतले गडीही बघायला लागलेत. पहिल्या सभेत बायांनी मागितलं काय, तर हातपंपाच्या ओट्याला उतार, चिखल होतो म्हणून. पुरुषांच्या सभेत हा विषय कधी आलाच नव्हता.

आपल्या खान्देशातलं मोठं उदाहरण सांगतो. प्रतिभाताई पाटील बोदवड तालुक्यातल्या नाडगावच्या. १९६२ ला जळगावातून आमदार झाल्या, लग्न १९६५ चं. म्हणजे देवीसिंह शेखावत यांनी लग्न केलं तेच मुळात एका आमदार बाईशी. त्यानंतर त्या एदलाबादमधून, म्हणजे आजच्या मुक्ताईनगरमधून, लागोपाठ चार वेळा निवडून आल्या आणि शेखावत अमरावतीत शिकवत राहिले, संस्था चालवत राहिले. पुढे ते स्वतः १९८५ ला आमदार झाले, अमरावतीचे पहिले महापौरही झाले. २००७ ला ताई राष्ट्रपती झाल्या तेव्हा ते पती म्हणून बरोबर होते. मला यातलं भावतं ते हे, की बायकोचं पद आलं म्हणून त्यांनी आपलं काम मोडलं नाही आणि आपलं काम आहे म्हणून तिला थांबवलं नाही. ताई, तुमच्या मिस्टरांनाही हे दाखवा. तुम्ही नोकरी सोडायची की नाही हा प्रश्न घरात निघतो, मग सकाळी सहा वाजता आलेल्या माणसांना चहा कुणी करायचा हाही निघू द्या.

अनेरकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. वहिनी, तुमचा प्रतिसाद मी रात्री मिस्टरांना वाचून दाखवला. टँकरचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आपल्या वॉर्डात नळाला पाणी पहाटे चारला येतं, हे मला एकाही बाईनं सांगितलेलं नाही, मीही विचारलेलं नाही. सकाळचा चहा ते आणि दीर करणार असं ठरलंय. सासूबाईंना पटलेलं नाही, पण पगाराचा हिशेब त्यांनी ऐकून घेतला. शेड मोजली, हद्दीत आहे.

राजीनामा देत नाही. रविवारी सकाळी बाया मागच्या पडवीत येतील असं शेजारच्या काकूंना सांगितलंय. वहिनी, तुमची वही कशी होती ते सांगाल का? काय काय लिहायचं?

बोरीकाठची वहिनी

साधी दोनशे पानी, आडवी रेघ. तारीख. बाईचं नाव रेशन कार्डावर जसं आहे तसंच, आपण हाक मारतो ते नाही. फोन तिचा नसेल तर कुणाचा ते. काम काय. कुठले कागद आणले आणि कुठले बाकी. कुठल्या कार्यालयात कुणाला भेटली आणि परत कधी बोलावलंय. काम झालं की लाल पेनानं तारीख.

मूळ कागद घरात ठेवून घ्यायचा नाही, कितीही गळ घातली तरी. झेरॉक्स घे आणि मूळ तिच्या हातात दे. आधार, पासबुक तर नाहीच. कोऱ्या कागदावर अंगठा कुणी उमटवून देत असेल तर तिथल्या तिथे फाडून टाक.

मारझोडीचं असेल तर ते या वहीत लिहू नको. घरात वही कुणीही उघडतं. त्याला वेगळी छोटी वही, तुझ्या शाळेच्या पिशवीत.

निराधारचं अनुदान ज्यांना चालू आहे त्यांना दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो, तो राहिला की पैसे बंद पडतात आणि म्हातारीला कारणच कळत नाही. म्हणून शेवटची चार पानं त्यांच्या यादीला सोड. पासष्टच्या वरच्यांचं श्रावणबाळमध्ये आणि खालच्या विधवांचं संजय गांधीमध्ये, यादी करतानाच वेगळं लिही. उत्पन्नाचा दाखला २१,००० च्या आतला लागतो, त्यावर बरीच प्रकरणं अडतात. पहिल्याच रविवारी विचारून घे कुणाकडे आहे नि कुणाकडे नाही.

आणि पहाटे चारच्या पाण्याचं काय झालं ते लिही इथे.